काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा?

कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात जमिनीखालून नळ काढून पुण्याच्या हौदांत पाणी खेळवलं, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्याच कात्रजला आमची सोसायटी आहे, आणि गंमत अशी, की उन्हाळा लागला की आम्हाला टँकर मागवावा लागतो. टँकर कधी येणार, मोटर कधी सुरू होणार, हे ८४ घरांना कसं कळवायचं? २०१६ च्या उन्हाळ्यात मी त्यासाठी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. जो ग्रुप काढतो तो आपोआप ॲडमिन होतो. म्हणजे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, हा अधिकार त्याच्या हाती येतो. तसा तो माझ्या हाती आला. मला कोणी निवडलं नव्हतं. पण कोणी हरकतही घेतली नव्हती.

ग्रुप वाढत गेला. टँकरच्या वेळांबरोबर लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगची भांडणं, गणपतीची वर्गणी, सकाळची फुलं आणि सुविचार, सगळं तिथे येऊ लागलं. सोसायटीच्या सूचनाफलकाची काच फुटली ती कोणी बसवली नाही, कारण सूचना ग्रुपवर येतच होत्या. पाण्याच्या वेळेसाठी काढलेली ती जागा दोन-तीन वर्षांत आमची चावडी होऊन बसली, आणि चावडीची किल्ली माझ्या खिशात राहिली.

२०१९ सालची गोष्ट. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकांनी ग्रुपवर टँकरच्या बिलांचा हिशेब मागितला. उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा मागितला. तिसऱ्या वेळी रात्री वादावादी झाली, दोन्हीकडून शब्द वाढले आणि काकांनी एक कडवट वाक्य लिहिलं. सेक्रेटरी माझे जुने स्नेही. मला राग आला. रात्री साडेअकराला मी काकांचं नाव शोधलं, अंगठा टेकवला आणि त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. सकाळी तीन-चार जणांनी मला शाबासकीही दिली.

पुढे तीन आठवड्यांनी टाकी धुण्यासाठी दोन दिवस पाणी बंद राहिलं. सूचना फक्त ग्रुपवर होती. सगळ्यांनी पिंपं भरून ठेवली. काकांच्या घरी काहीच भरलेलं नव्हतं. काकू कळशी घेऊन आमच्या दारात आल्या. मी ओशाळलो. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘भाऊ, तुम्ही यांना काढलंत. पण पाणी तर मीही पिते.’’

त्या वाक्यानं मी जागा झालो. एका माणसाला गप्प करतोय असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी एक घरच सोसायटीबाहेर काढलं होतं.

त्या रात्री मी सोसायटीच्या पोटनियमांची पुस्तिका आणि सहकारी कायदा काढून बसलो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याच्या ३५ व्या कलमात सभासदाला काढून टाकण्याची तरतूद आहे. त्यासाठी काय काय लागतं पाहा. सभासदाचं वागणं संस्थेच्या हिताला बाधक असायला हवं. खास त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सभेपुढे आपली बाजू मांडायची संधी त्याला द्यावी लागते. हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांपैकी निदान तीन चतुर्थांश लोकांनी ठरावाच्या बाजूनं मत द्यावं लागतं. आणि एवढं होऊनही निबंधकांची मंजुरी मिळेपर्यंत तो ठराव लागू होत नाही.

इतक्या पायऱ्या का ठेवल्या असतील? कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव माहीत होता म्हणून. एकत्र राहणाऱ्या लोकांत भांडण होणार, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला रात्री साडेअकरा वाजता राग येणार, हे त्यांनी धरून चाललेलं होतं. माझ्या ग्रुपवर यातली एकही पायरी नव्हती. होता फक्त एक अंगठा.

आपल्याकडे निवडून दिलेल्या समितीनं कारभार करायची सवय जुनी आहे. आमच्या शेजारचीच कात्रज डेअरी घ्या. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची ती डेअरी. गावोगावच्या दूध संस्था तिचं संचालक मंडळ निवडतात. गृहनिर्माण सोसायटीतही तेच. तीन खोल्यांचा मालक असो की एका खोलीचा, सभासदाला मत एकच. आदर्श पोटनियमांप्रमाणे शंभर सभासदांपर्यंतच्या सोसायटीला ११ जणांची व्यवस्थापक समिती असते आणि तिची मुदत पाच वर्षांची. हे लोक आपापली नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी गळक्या पाइपखाली उभे राहतात. त्यांना पगार नसतो. आपण त्यांना वर्षभर नावं ठेवतो आणि निवडणूक आली की उभं राहायला कोणी तयार नसतं, ही गोष्ट वेगळी!

निवडणुकीनं शहाणा माणूसच निवडून येतो, असा माझा भाबडा समज नाही. पण निवडणुकीनं तीन गोष्टी नक्की मिळतात. अधिकाराला मुदत मिळते. अधिकार कोणी दिला हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे जाब विचारता येतो. आणि तो परत घेण्याचा रस्ता भांडण न करता मोकळा राहतो. ग्रुपच्या ॲडमिनकडे अधिकार असतो आणि या तिन्ही गोष्टी नसतात. त्याची जबाबदारीही हलकी असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली सांगितलं, की समान हेतू दिसत नसेल तर दुसऱ्या सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येणार नाही. निकाल योग्यच आहे. पण त्यातून एवढं कळतं, की ॲडमिनला वठणीवर ठेवायचं काम न्यायालय आपल्यासाठी करणार नाही. ते आपलं आपणच करायला हवं.

हा प्रश्न फक्त आमच्या सोसायटीचा नाही. इंटरनेटवर माणसं जमू लागली तेव्हापासूनचा आहे. नव्वदच्या दशकात परदेशातली मराठी मंडळी युजनेट नावाच्या व्यवस्थेवर गप्पा मारत. त्यांच्या गटाचं नाव होतं ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’. असा नवा गट निघावा की नाही, यावर त्या काळी चक्क मतदान होई. बाजूची मतं विरोधी मतांपेक्षा निदान शंभरानं जास्त आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवीत, असा दंडक होता. पुढे २००१ साली इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला. लिहिणारे हजारो, त्यामुळे भांडणंही भरपूर. सुरुवातीला मोठे वाद संस्थापक जिमी वेल्स यांच्यापर्यंत जात. एका माणसाला ते झेपेना. मग २००४ पासून एक लवाद समिती काम पाहू लागली, आणि पुढे तिच्यासाठी दर वर्षी निवडणूक होऊ लागली. समितीतले लोक बिनपगारी स्वयंसेवक असतात. या समितीची एक मर्यादा मला फार शिकवून गेली. लेखात काय लिहावं यावर ती निकाल देत नाही. लिहिणाऱ्यांच्या वागणुकीवरून पेटलेले आणि इतर मार्गांनी न मिटलेले वाद तेवढे ती पाहते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तिथेही प्रचालक नेमताना सदस्यांचा ‘कौल’ घ्यायची पद्धत आहे. शब्द किती छान आहे पाहा!

मी काकांकडे जाऊन माफी मागितली आणि त्यांना ग्रुपवर परत घेतलं. पण तेही माझ्याच मर्जीनं, हे मला खुपत राहिलं. उद्या पुन्हा राग आला तर? म्हणून ग्रुपसाठी तीन जणांची समिती निवडावी, असं मी सुचवलं. पहिला वाद मतदार कोण यावरच झाला. सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नसतं. पण ग्रुपवर सगळ्यात जास्त वावर त्यांचाच, आणि टाकी धुतली तर पाणी त्यांचंही जातं. शेवटी ठरलं, की राहत्या घरटी एक मत, मग आत मालक असो की भाडेकरू. बाहेरगावी राहणारे मालक रागावले. त्यांना आम्ही सांगितलं, की पैसा आणि सोसायटीचे निर्णय सर्वसाधारण सभेकडेच राहतील. ही समिती फक्त बोलण्याची शिस्त पाहील.

दुसरा प्रश्न, निवडणूक घेणार कोण? ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानंच आपली निवडणूक घेऊ नये, हा धडा सहकारानं फार सोसून शिकला आहे. २०१३ च्या कायदाबदलानं राज्यात त्यासाठी वेगळं सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं. २०१९ साली अडीचशेपर्यंत सभासदांच्या गृहनिर्माण सोसायट्यांना स्वतः निवडणूक घेण्याची मोकळीक मिळाली, पण तत्त्व तेच. आम्ही शेजारच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना विनंती केली. २६ जानेवारी २०२० ला झेंडावंदन झाल्यावर पार्किंगमध्येच मतदान झालं. मिठाईच्या खोक्याची मतपेटी, आडोशाला चादर. चादर हवीच होती. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसाच्या विरोधात हात वर करणं सोपं नसतं. पाच उमेदवार होते, मीही त्यात होतो. मी चौथा आलो. म्हणजे पडलो.

पडल्यावर एक अडचण समोर आली. ज्यानं ग्रुप काढला त्याचं ॲडमिनपद दुसऱ्या ॲडमिनला काढून घेता येत नव्हतं. तो स्वतः बाहेर पडला तरच ते सुटे. म्हणून नव्या तिघांना ॲडमिन करून मी माझ्याच ग्रुपमधून बाहेर पडलो. त्यांनी मला परत आत घ्यायला जेमतेम दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत मी चार वेळा फोन पाहिला. काकांनी तीन आठवडे काढले होते.

समितीचे नियम साधे आहेत. आधी खाजगीत एक शब्द. मग ग्रुपवर कारण लिहून समज. तरी ऐकलं नाही तर तिघांपैकी दोघांच्या संमतीनं जास्तीत जास्त सात दिवस बाहेर. ज्याचा वादात संबंध असेल त्या ॲडमिननं बाजूला व्हायचं. निर्णय पटला नाही तर चिठ्ठ्या टाकून काढलेल्या पाच घरांपुढे दाद मागायची. मुदत एक वर्षाची, आणि लागोपाठ दोनदाच. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: पाणी, वीज आणि सभेची सूचना फलकावर लागलीच पाहिजे. काच नवीन बसवली आहे.

दोन महिन्यांतच टाळेबंदी आली आणि समितीची परीक्षा झाली. एका घरात करोना निघाल्याची कुजबुज होती. त्यांचं नाव ग्रुपवर जाहीर करा, असा दोन-तीन दिवस आग्रह चालला. समितीनं ठाम नकार दिला आणि त्या घराला दूध-औषधं कोण पोचवणार याची यादी मात्र टाकली. मी एकटा ॲडमिन असतो तर इतक्या दबावापुढे टिकलो असतो का, मला खात्री वाटत नाही. त्या तिघांना लोकांनी निवडलेलं होतं, म्हणून त्यांना नाही म्हणता आलं.

सगळं गोडच झालं असं नाही. पुढच्या एका वर्षी तीन जागांना दोनच उमेदवार मिळाले. तिसऱ्यासाठी घरोघर जाऊन विनवावं लागलं. रात्री-अपरात्री लोकांची भांडणं वाचून माणसं कंटाळतात. निवडणुकीत मजल्यांचे गट पडतात. हरलेला उमेदवार काही दिवस बोलत नाही. मीही बोललो नव्हतो. आणि काका अजूनही हिशेब मागतात. फरक एवढाच, की आता टँकरची बिलं दर महिन्याला फलकावर लागतात, त्यामुळे त्यांना रागवावं लागत नाही.

आपण सगळेच आज दहा-बारा ग्रुपमध्ये असतो. शाळेच्या पालकांचा, नातेवाइकांचा, गणपती मंडळाचा, सोसायटीचा. नातेवाइकांच्या ग्रुपला निवडणूक नको. तिथे आत्याबाईंचा शब्द पुरेसा असतो. पण ज्या ग्रुपवर पाण्याची, शाळेची, औषधाची बातमी येते तिथे आज संध्याकाळी तीन प्रश्न विचारून पाहा. इथून कोणाला काढायचं हे कोण ठरवतं? त्याला हा अधिकार कोणी दिला आणि किती दिवसांसाठी? आणि काढलेल्या माणसानं दाद कोणाकडे मागायची? उत्तरं मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर आधी ॲडमिनला एक चहा पाजा आणि मग हे प्रश्न विचारा. तो वाईट माणूस नसतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं, एवढंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)