वाढीव वॉरंटी घेण्याआधी

‘थर्ड पार्टी’ म्हटलं की आपल्याला विमाच आठवतो. तो कायद्याने सक्तीचा, आणि आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यापुरता. फुल विमा अपघात, चोरी, आग सांभाळतो. पण चालता चालता गिअरबॉक्स बसला तर तोही पैसे देत नाही. ही उरलेली जागा भरायला वाढीव वॉरंटी विकली जाते. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची असू शकते किंवा त्या कंपनीशी काहीच संबंध नसलेल्या त्रयस्थ, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ कंपनीची. जुनी गाडी घेताना बहुतेक वेळा पुढे येते ती दुसरी.

आधी तारखा पाहा. नव्या गाडीला मूळ वॉरंटी असतेच. मारुतीने 9 जुलै 2024 पासून दिलेल्या गाड्यांना ती 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर, यांतलं जे आधी संपेल तोवर, दिली आहे. म्हणजे वाढीव वॉरंटीचे पैसे आज भरायचे आणि तिचा उपयोग सुरू होणार चौथ्या वर्षी. समजा, किंमत 15,000 रुपये सांगितली. 18 टक्के जीएसटी धरून 17,700 झाले. महिन्याला 500 रुपये आरडीत टाकले तर तीन वर्षांत 18,000 जमतात, शिवाय व्याज. ते पैसे कोणत्याही मिस्त्रीकडे, कोणत्याही कामाला चालतात.

वॉरंटीचे तसे चालत नाहीत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर हे ‘झिजणारे भाग’ म्हणून सहसा वगळलेले असतात, आणि जुन्या गाडीत खर्च बहुधा तिथेच होतो. खरा वाद मात्र कारणावरून होतो. समजा, मे महिन्यात नांदुऱ्याहून मलकापूरला येताना रेडिएटरचा पाइप फुटला, काटा लाल रेषेवर गेला, तरी ‘आता मलकापूर जवळच आहे’ म्हणून गाडी तशीच आणली आणि हेड गॅसकेट गेलं. गॅसकेट वॉरंटीच्या यादीत असलं तरी गाडी गरम असताना चालवली, या कारणाने दावा फेटाळला जाऊ शकतो. काटा चढला की तिथेच गाडी बंद करा, फोटो काढा, फोन करा.

फोन आधी, पाना नंतर. मंजुरीपूर्वी इंजिन खोललं तर दावा अडतो. खोलून पाहायला सांगितलं आणि दोष यादीबाहेरचा निघाला, तर खोलण्याची मजुरी कोणाची, हे करारात वाचून ठेवा. गॅरेज कुठलं चालेल, हेही विचारा. मलकापुरातलं एकही चालत नसेल, तर गाडी ओढून बुलढाण्याला किंवा अकोल्याला न्यायची. ते भाडं तुमच्याच अंगावर पडलं तर छोट्या दाव्यात हाती काय उरणार?

ओळखीच्या मिस्त्रीकडून ऑइल बदलायला हरकत नाही, पण किलोमीटर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, असं भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये चौदा कार कंपन्यांना बजावलं होतं. तो आदेश गाडी बनवणाऱ्यांसाठी होता. त्रयस्थ कंपनीचा करार तिच्या स्वतःच्या अटींवर चालतो.

म्हणून त्या करारात एक नाव शोधा: पैसे देण्याची जबाबदारी कोणाची? विकणारा डीलर, दावे पाहणारी कंपनी आणि मागे असलीच तर विमा कंपनी, हे तिघे वेगळे असू शकतात. ते नाव सापडत नसेल तर सही करू नका. माझं मत विचाराल तर साध्या मॅन्युअल गाडीला, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याने, त्रयस्थ वॉरंटी घेऊ नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी असेल आणि महामार्ग 53 वर रोजची ये-जा असेल, तर गाडीच्या कंपनीचीच वाढीव वॉरंटी, मूळ मुदत संपण्याआधी, विचारात घ्यावी.

आधीच घेतली असेल आणि दावा नाकारला, तर कारण लेखी मागा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणून कंपनी मुंबईची असली तरी मलकापूरच्या ग्राहकाची तक्रार बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.