वसईचा मुका मनोरा

नाशिकला आमच्या लहानपणी गोदावरीला पूर आला, की वडीलधारी मंडळी एकच विचारीत, "पाणी नारोशंकराच्या घंटेला लागले का?" ती घंटा १७३९ च्या वसईविजयाची खूण म्हणून ओळखली जाते. पुढे मराठीचा प्राध्यापक झालो आणि चिमाजी आप्पांची वसई वर्गात मोठ्या आवेशाने सांगू लागलो.

गेल्या वर्षी तास संपल्यावर वसईकडची एक ख्रिस्ती विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, किल्ला पडला त्या दिवशी आमची माणसे तिथेच होती. त्यांचे तुम्ही काहीच सांगितले नाही."

उत्तर सुचेना. नाताळच्या सुटीत सहकुटुंब वसई गाठली.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तेव्हापासून दोनशे वर्षे किल्ल्यात चर्चे उभी राहत गेली. सेंट जोसेफचे प्रवेशद्वारच मनोऱ्याच्या पोटात आहे. आत वर पाहावे तो छप्पर नाही, नुसते आभाळ. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत. चिरंजीव त्यांवरून उड्या मारू लागले, तशी सौ.ने दंड धरून बाजूला ओढले. "अरे, कुणाची तरी माणसे आहेत ती!"

येशूसंघियांच्या चर्चचा दर्शनी भाग अजून ताठ उभा आहे. वसईचा दगड जहाजांतून गोव्यालाही गेला. तेथील बाँ जेझूच्या दर्शनी भागावरचे कोरीव काम त्याचेच. राजा लिस्बनचा खरा, पण इथल्या पाथरवटांचे हात लागल्यावाचून का एवढे काम उठले असेल? याच येशूसंघियांच्या सहवासात वसईचे गोन्सालो गार्सिया वाढले. १५९७ त जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले, १८६२ त संतपद मिळाले.

मनोऱ्याखाली कन्येने विचारले, "बाबा, इथली घंटा कुठे गेली?"

वसईच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला त्या देवापुढे टांगल्या. हे मी आजवर अभिमानाने सांगत आलो. त्या दिवशी आवाज जरा खाली आला. विजय खोटा नव्हता, त्यापूर्वीचा धर्माच्या नावावरचा जुलूमही खोटा नव्हता. पण मुका मनोराही खराच होता.

यंदा तो तास घेताना त्या विद्यार्थिनीला मुद्दाम बोलावले. ती आपल्या सामवेदी बोलीत गोन्सालोंच्या सणाविषयी बोलली. मराठीच ती, तरी अर्ध्या वर्गाला कळेना. दोन शब्दांचे अर्थ मलाच तिला विचारावे लागले.