तांबी काळजापर्यंत चढते म्हणे

"सिस्टर, ती तांबी काळजापर्यंत चढते म्हणे?"

१९९० साली लोह्याकडच्या एका उपकेंद्रावर रुजू झाले, पुढं बदलीनं अहमदपूरकडं आले. नांदेड जिल्हा सुटला, लातूर लागला. प्रश्न तोच राहिला. उत्तर म्हणून मी पेरू हातात घ्यायची. गर्भाशय एवढंच असतं, देठाचं टोक खाली. वर दोन नळ्या आहेत, पण त्यांची तोंडं दोऱ्याएवढी. इंग्रजी 'टी'च्या आकाराची तांबी त्यातून जाईल कुठं? क्वचित बसवतानाच ती भिंतीत रुतते, हे मात्र खरं. म्हणून बसवणारा हात सरावाचा लागतो, आणि नंतर दोरा तपासून घ्यायचा.

खरं तर बायकांचं काही चुकत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलासुद्धा सुरुवातीला महिन्याला कुटुंब नियोजनाच्या किती केसेस आणायच्या एवढंच सांगितलेलं. १९९६ मध्ये ते टार्गेट सरकारनं काढलं, तेव्हा कुठं बोलायला उसंत मिळाली.

तांबी म्हणजे कॉपर-टी. कॉपर-टी ३८०-ए मधले ३८० म्हणजे तिच्यावरच्या तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. ते तांबं आत अगदी सूक्ष्म झिजत राहतं आणि पुरुषाच्या बीजाला पंगू करतं. स्त्रीबीजापर्यंत ते बीज पोचतच नाही. हे दहा वर्षं चालतं. यात हार्मोन नाही, त्यामुळं पाळी येतच राहते, उलट पहिले काही महिने जास्तच जाते. आमच्याकडं आधीच अंगात रक्त कमी. हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय मी कुणाला तांबी बसवली नाही. खासगी दवाखान्यात हार्मोनची तांबी मिळते. तिनं पाळी कमी होते, पण पैसे पडतात.

गोळीचं काम वेगळं. लातूरच्या बाईला पाण्याच्या टाकीतला फ्लोट समजावून सांगावा लागत नाही. टाकी भरली की फ्लोट वर येतो, पाणी बंद. माला-एनमधली हार्मोनं रक्तात असली की मेंदूखालच्या ग्रंथीला वाटतं, पुरेसं आहे. ती बीजांडाला निरोपच धाडत नाही. बीज पिकत नाही, सुटत नाही. वर गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्राव दाट होतो, तो वेगळाच अडसर. पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या, ७ लोहाच्या. त्या सात बायका हमखास कोंबड्यांपुढं टाकायच्या! आणि माळेगावच्या जत्रेला निघालं की पाकीट घरीच. फ्लोट खाली आला की पाणी सुरू होणारच.

२०१७ मध्ये 'अंतरा' आली. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. ऊसतोडीला जाणारीला सोयीचं. पण पाळी थांबली की बायका धास्तावून यायच्या, "रक्त पोटात साचलं तर?" बाई, साचायला आधी तयार व्हावं लागतं. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत जो थर वाढतो, तो इथं वाढतच नाही; मग पडणार काय? मात्र इंजेक्शन सोडल्यावर दिवस जायला शेवटच्या सुईपासून सात-दहा महिने लागू शकतात. लवकर दुसरं हवं असेल तिला मी अंतरा देत नसे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक सासू सुनेला घेऊन आली. दारातच तिनं बजावलं, "तांबी नको, ती वर चढते." मी पेरू काढला. सून हसली, सासू गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मला धाकट्याच्या वक्ताला बसवली होती."

धाकटा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

"मग काढली कधी, काकू?"

"काढायची असते होय?"

सुनेला बाहेर बाकड्यावर बसवलं आणि आधी सासूला टेबलावर घेतलं.