शब्द अनेक, रोग एक

कोकणातील एखादा शेतकरी रात्री धावत आला आणि "आमच्या माणसाला पान लागले," असे सांगू लागला, तर परप्रांतातून आलेल्या डॉक्टरला त्याचा अर्थबोध होणार नाही. सापाचे नाव घेऊ नये, या जुन्या समजुतीने सर्पदंशाला तिकडे असे म्हणतात. त्या गावचा जुना वैद्य ते दोन शब्द ऐकताच उठतो आणि कामाला लागतो. लोकांचा शब्द आणि शास्त्राचा शब्द यांची सांगड त्याच्या मनात आधीच बसलेली असते. ज्याच्या मनात ती बसलेली नाही, त्याचे ज्ञान कितीही मोठे असले तरी ऐन वेळी ते हाताशी येत नाही.

श्रोतेहो, हीच अडचण विस्ताराने वाढवून पाहा. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या लेखांच्या नोंदी 'पबमेड' नावाच्या सूचीत एकत्र केलेल्या आहेत, आणि त्यांची संख्या साडेतीन कोटींहून अधिक आहे. या नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. परंतु एवढ्या राशीतून हवा तो लेख काढायचा कसा? प्रत्येक लेखक आपापल्या शब्दांत लिहितो. एकाच रोगाला कोणी रुग्णाच्या बोलीतील नाव देतो, कोणी लॅटिन नाव देतो, तर कोणी तो रोग प्रथम वर्णन करणाऱ्या डॉक्टरचे नाव देतो. शोधणाऱ्याने यांपैकी एकच नाव धरले, तर उरलेले लेख त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच होतात.

या अडचणीवरचा उपाय शोधण्याचे काम बरेच जुने आहे. अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 साली 'इंडेक्स मेडिकस' ही वैद्यकीय लेखांची विषयवार सूची सुरू केली. पुढे 1956 साली त्याच ग्रंथालयाला राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा दर्जा मिळाला, आणि 1960 साली त्याने आपली विषयशीर्षकांची प्रमाणभूत यादी प्रसिद्ध केली. तिला संक्षेपाने 'मेश' म्हणतात. 1964 साली सूचीचे काम संगणकावर गेले. 1971 साली 'मेडलाइन' या नावाने ती दूरच्या ठिकाणांहूनही पाहता येऊ लागली. 1996 साली 'पबमेड' आले आणि 1997 साली ते सर्वांना मोफत खुले झाले. साधने बदलली, पण मेशचे कार्य तेच राहिले. दरवर्षी तिची उजळणी होते, आणि आज तिच्यात तीस हजारांहून अधिक शीर्षके आहेत.

ही यादी म्हणजे काय, हे समजण्यास आपल्याला दूर जावयास नको. अमरकोश पाठ करणारी पिढी आपल्याकडे होऊन गेली. अमरसिंहाने शब्द अक्षरक्रमाने न लावता विषयांच्या वर्गांत बसविले आणि एका अर्थाचे शब्द एकत्र गुंफले. वनस्पती वनौषधिवर्गात, तर रोगांची नावे मनुष्यवर्गात आढळतात. मेशची घडण साधारण अशीच आहे. फरक एवढाच, की अमरकोशात सर्व पर्याय समान मानाचे असतात, कारण कवीला निवडीला वाव हवा असतो. मेशमध्ये मात्र एका पर्यायाला गादीवर बसविले जाते आणि बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवितात. घरी ज्याला बंडू, बाळू किंवा अण्णा म्हणतात, त्याचे शाळेच्या दाखल्यावर नाव एकच असते, तसेच हे. 'हार्ट अॅटॅक' असे शोधणाऱ्याला ही यादी 'मायोकार्डिअल इन्फार्क्शन' या शीर्षकाकडे नेते. 'हॅन्सेन रोग' म्हणणाऱ्याला 'लेप्रसी'कडे, आणि 'कॅन्सर' म्हणणाऱ्याला 'निओप्लाझम्स'कडे. लेखकाने कोणताही शब्द वापरला असला, तरी त्या विषयावरचा लेख एकाच दाखल्याखाली नोंदला जातो.

याच्या उलट अडचणही असते. कित्येकदा शब्द एक आणि अर्थ अनेक असतात. इंग्रजीतील 'कोल्ड' हाच शब्द घ्या. त्याचा अर्थ पडसे, हवेतील गारठा, आणि फुप्फुसांच्या एका चिवट विकाराच्या नावातील आद्याक्षरे जोडून झालेला संक्षेप, असा तीन प्रकारे होऊ शकतो. नुसता शब्द शोधणारे यंत्र तिघांनाही एकाच दावणीला बांधते. विषयशीर्षकांत या तिन्हींना वेगवेगळी घरे आहेत, म्हणून शोधणाऱ्याला प्रथमच ठरवावे लागते, की आपल्याला नेमके कोणाच्या घरी जायचे आहे.

घरांची ही मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. शरीररचना, जीवसृष्टी, रोग, औषधे व रसायने, निदान व उपचारपद्धती अशा सोळा मोठ्या शाखांवर सर्व शीर्षके वृक्षाप्रमाणे पसरली आहेत. 'क्षयरोग' या फांदीखाली मेंदूच्या आवरणाचा क्षय, मणक्यांचा क्षय, त्वचेचा क्षय अशा डहाळ्या आहेत. एखादे शीर्षक दोन फांद्यांवरही आढळते: फुप्फुसांचा क्षय संसर्गजन्य रोगांतही आहे आणि फुप्फुसांच्या विकारांतही आहे. या रचनेचा लाभ असा, की मूळ शीर्षक शोधताच त्याखालच्या सर्व डहाळ्याही आपोआप हलविल्या जातात. त्वचेच्या क्षयाचा एक प्रकार 'ल्युपस व्हल्गॅरिस' या नावाने ओळखला जातो. त्यावरील लेखाच्या मथळ्यात क्षयाचा उल्लेखही नसेल, पण क्षयरोग या शीर्षकाने शोधणाऱ्याला तो सापडतो.

आता या सर्वाचे महत्त्व आपल्याच भूमीवरील एका उदाहरणाने पाहू. कोकणातील लाल विंचवाचा दंश अत्यंत घातक असतो. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो, फुप्फुसांत पाणी होते आणि धडधाकट मूलसुद्धा दगावते. रायगड जिल्ह्यातील महाडच्या परिसरात रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची बारकाईने नोंद केली आणि 1982 साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश साप्ताहिकात ती प्रसिद्ध केली. रक्तदाबावरचे 'प्राझोसिन' हे औषध या रुग्णांना तारू शकते, हा त्यांचा अनुभव 1986 साली त्याच साप्ताहिकात आला. पुढे 2011 साली प्राझोसिन आणि विंचवावरील प्रतिविष एकत्र दिल्यास काय होते, याची तुलनात्मक चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली गेली.

हे ज्ञान प्रसिद्ध झाले, पण ते शोधणाऱ्याच्या हाती कसे यावे? या एकाच विंचवाला शास्त्रज्ञांनी काळाच्या ओघात तीन नावे दिली: जुन्या लेखांत तो 'ब्यूथस टॅम्युलस' असतो, नंतरच्यांत 'मेसोब्यूथस टॅम्युलस', आणि अलीकडच्यांत 'हॉटेन्टोटा टॅम्युलस'. यांतील एकच नाव धरून बसणारा तरुण डॉक्टर उरलेल्या दोन कालखंडांतील अनुभवाला मुकेल. तसेच विंचवावर उतारा प्रतिविषाचाच असणार, असे गृहीत धरून जो फक्त प्रतिविष हाच शब्द शोधील, त्याला केवळ प्राझोसिनवर लिहिलेला लेख दिसणार नाही. याउलट 'विंचूदंश' हे विषयशीर्षक घेऊन त्याला 'औषधोपचार' हे उपशीर्षक जोडले, म्हणजे औषधाचे नाव ठाऊक नसतानाही त्या औषधाकडे नेणारी वाट उघडते. आपल्याला अज्ञात असलेले उत्तर शोधून काढणे, हाच शोधाचा खरा हेतू नव्हे काय?

प्रत्यक्ष शोध कसा करावा, हे थोडक्यात सांगतो. प्रथम आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा आणि त्यातील दोन किंवा तीन मुख्य कल्पना वेगळ्या कराव्यात. मग मेशच्या यादीत प्रत्येक कल्पनेचे शीर्षक इंग्रजीतून शोधावे, त्याखाली दिलेली व्याख्या वाचावी आणि वृक्षातील त्याचे स्थान पाहावे. शीर्षक फार रुंद वाटले तर एक पायरी खाली उतरावे, फार अरुंद वाटले तर एक पायरी वर चढावे. विंचूदंशावर पुरेसे लेख मिळाले नाहीत, तर सर्व प्रकारच्या दंशांचे व्यापक शीर्षक आणि विंचवाच्या विषाचे शीर्षक हीही पाहावीत. निदान, औषधोपचार, प्रतिबंध यांसारख्या उपशीर्षकांनी क्षेत्र आवळता येते. ज्या लेखात तो विषय केंद्रस्थानी आहे, तेवढेच लेख मागण्याचीही सोय आहे. शेवटी एकाच कल्पनेचे पर्याय 'किंवा'ने जोडावेत आणि भिन्न कल्पना 'आणि'ने जोडाव्यात. पबमेडच्या चौकटीत साधे शब्द टाकले, तर तेही शक्य तेथे शीर्षकांशी ते स्वतःच जुळविते. परंतु जुळणी बरोबर झाली की नाही, हे शोधाचा तपशील उघडून पाहिल्याविना समाधान मानू नये.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पबमेडमधील सर्वच नोंदींना विषयशीर्षके लावलेली नसतात. पूर्वी हे काम तज्ज्ञ माणसे लेख वाचून करीत. 2022 पासून ते मुख्यतः संगणकावर सोपविले आहे आणि निवडक नोंदी माणसे तपासतात. यंत्र चुकते, आणि माणूसही चुकत होताच. शिवाय रोग आधी येतो आणि शीर्षक मागाहून येते. 'एड्स'चे पहिले रुग्ण 1981 साली नोंदले गेले, तर त्याचे शीर्षक 1983 साली यादीत आले. नवे शीर्षक आले म्हणून जुन्या नोंदी सहसा पुन्हा बदलल्या जात नाहीत. म्हणून शहाणा शोधक शीर्षकांच्या जोडीला रोगाचे प्रचलित शब्द, जुनी नावे आणि स्पेलिंगमधील भेदही घालतो. शीर्षकांनी नेमकेपणा येतो आणि मोकळ्या शब्दांनी निसटलेले हाती लागते. दोन्ही हातांनी काम केले, तरच जाळे भरते.

वैद्यकाचे ज्ञान दिवसेंदिवस वाढत आहे. पण कपाटात पडलेले औषध जसे रोग्याला बरे करीत नाही, तसे न सापडलेले ज्ञानही कोणाचे प्राण वाचवीत नाही. महाडच्या डॉक्टरांनी रात्री जागून जे मिळविले, ते दुसऱ्या एखाद्या खेड्यातील डॉक्टरला त्याच्या रुग्णाचा श्वास चालू असतानाच सापडले पाहिजे. 'पान लागले' हे शब्द ऐकून तत्काळ उठणारा तो जुना वैद्य आपल्या गावापुरता जे करीत होता, तेच कार्य संज्ञांचा हा कोश साऱ्या जगासाठी करीत आहे. त्याची भाषा शिकून घेण्यास फार तर दोन संध्याकाळी लागतात, आणि त्या वाया जाणार नाहीत.