पासोडीवरचा वेदान्त, पारावरचं भारूड

युसूफ वडगाव हे केज तालुक्यातलं गाव. तिथून पूर्वेला अंबाजोगाई. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या 'विवेकसिंधू'च्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत दाखवतात. ग्रंथाचं परंपरेने मानलेलं साल शके 1110, म्हणजे इसवी 1188. स्थळाबद्दल विदर्भातल्या आंभोऱ्याचाही दावा आहे आणि तो वाद विद्वानांनी भरपूर घातला आहे. दासोपंतांबद्दल मात्र वाद नाही. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ, अंबाजोगाई ही कर्मभूमी आणि 'गीतार्णव' हा गीतेवरचा अफाट ग्रंथ; परंपरा त्याच्या सव्वा लाख ओव्या सांगते.

या भागाच्या सांस्कृतिक वारशावर बोलायला कुणी उभं राहिलं की ही दोन नावं हटकून येतात. त्याच वक्त्याला सप्त्यातलं भारूड, उरुसातली कव्वाली, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतलं भीमगीत किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर वाजणारं गाणं यांविषयी विचारा. तो म्हणेल, ती करमणूक. एका बाजूला संस्कृती, दुसऱ्या बाजूला करमणूक. युसूफ वडगावातला मुलगा पुण्याला शिकायला जातो तेव्हा ही विभागणी त्याच्या आधीच तिथे पोचलेली असते. आपण कुठून आलो हे सांगताना काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे तो पहिल्या महिन्यातच शिकतो. माझं म्हणणं असं की ही विभागणी इथल्या मातीतली नाही. ती बरीच उशिराची आहे आणि तिची किंमत माणसं स्वतःच्या ओळखीतून मोजतात.

दासोपंतांची पासोडीच पाहा. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं सुती कापड. सुमारे 40 फूट लांबीच्या अशा कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिलं. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो, त्याची तत्त्वं कोणती, हा वेदान्तातला अवघड भाग. तो ओव्यांत आहे आणि आकृत्यांच्या चौकटींतही मांडला आहे. पोथीची पानं एका वेळी एकच माणूस वाचतो. कापड पसरलं की त्याभोवती माणसं बसू शकतात, बोट ठेवून दाखवता येतं. इतकं कठीण शास्त्र लिहायला त्यांनी रोजच्या वापरातलं कापड घेतलं, ही गोष्ट मला त्यांच्या ओव्यांच्या संख्येपेक्षा मोठी वाटते.

त्याच काळात पैठणला एकनाथ होते, 1533 ते 1599. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका त्यांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आजच्या भाषेत हे पाठचिकित्सेचं काम. याच माणसाने भारुडं रचली. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी, सासुरवाशीण असे रस्त्यावरचे आवाज उचलले आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातलं. एकादशाची टीका लिहिणारे नाथ उच्च संस्कृतीचे आणि विंचवाचं भारूड रचणारे नाथ लोकसंस्कृतीचे, अशी वाटणी कशी करणार? माणूस एकच आहे.

सप्त्यातलं भारूड जवळून पाहिलं की ही वीण दिसते. टाळकऱ्यांच्या रांगेतूनच एक जण पुढे येतो. धोतरावर लुगडं गुंडाळलेलं, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर पदर. विंचू चावला म्हणून तो पाय धरून किंचाळतो, लोळतो. मृदंग चढत जातो. बाया तोंडाला पदर लावून हसतात, पोरं पुढे सरकतात. समोरच्या पाटलाला, सरपंचाला, चेष्टेत नाव घेऊन ओढलं जातं. आणि हशा टिपेला पोचला की तो एकदम हात वर करतो. मृदंग थांबतो. त्याच घामेजल्या चेहऱ्याने तो सांगू लागतो की हा विंचू कामक्रोधाचा, आणि उतारा सत्त्वगुणाचा. मघाशी हसणारी माणसं आता मान हलवतात. शाहीर साबळ्यांच्या आवाजाने हे भारूड महाराष्ट्रभर घरोघर पोचलं, ते मोठंच काम झालं. पण शहरातल्या बहुतेक कार्यक्रमांत किंचाळणं राहतं आणि विवरण गळतं. मग बघणारा म्हणतो, लोककला म्हणजे नुसता धांगडधिंगा.

हे चित्र मी गोड करून सांगणार नाही. नाथांनी अस्पृश्याच्या तोंडचे 'जोहार' लिहिले, त्यात अपार करुणा आहे. पण तो आवाज दुसऱ्याने त्याच्या वतीने काढलेला होता. ज्यांच्या नावाने तो निघाला त्यांनी विसाव्या शतकात स्वतःचा आवाज काढला. आंबेडकरी चळवळीने जोहार सोडला, जयभीम घेतला. भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गवळण काढून टाकली आणि त्या जागी हक्काची भाषा आणली. वामनदादा कर्डकांची (1922–2004) गाणी आज केज-अंबाजोगाईच्या गावागावांत पाठ आहेत. ती गाणारा माणूस करमणूक करत नसतो. मी कोण आहे, हे तो सांगत असतो. लोकप्रिय कला माणसाला ओळख कशी देते याचं याहून ठळक उदाहरण मराठीत नाही.

मग ही विभागणी आली कधी? इंग्रज इतिहासकार पीटर बर्क याने 1978 च्या आपल्या पुस्तकात युरोपबद्दल एक निरीक्षण मांडलं. 1500 च्या सुमारास तिथले सरदार, धर्मगुरू जत्रेत, सोंगांत, लोकगीतांत सामील होत. त्यांची वेगळी विद्या होतीच, पण लोकांची संस्कृती त्यांचीही होती. 1800 पर्यंत त्यांनी तिथून अंग काढून घेतलं. आपल्याकडे हे अंग काढून घेणं एकोणिसाव्या शतकात झालं. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', 1880 मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल'. शिकलेल्या वर्गाला स्वतःचं रंगमंदिर मिळालं आणि तमाशा त्याच्या दाराबाहेरचा झाला. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात शिरून पठ्ठे बापूराव झाले, तर त्यांना जातीला आणि वतनाला मुकावं लागलं. उलट 1911 च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या. या चाली गायिकांच्या कोठ्यांवर वाढलेल्या. नाट्यगृहात आल्या आणि त्या अभिरुचीची खूण ठरल्या. सूर तेच होते, दार बदललं.

याच केज तालुक्यात दरडवाडी आहे, वामन केंद्र्यांचं गाव. घरात भारूड, वडील ते करणारे. औरंगाबादला नाट्यशिक्षण, मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुढे केरळात लोकनाट्याचा अभ्यास. 1987 मध्ये त्यांनी 'झुलवा' उभं केलं: उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी, चेतन दातार यांचं नाट्यरूप, विषय जोगतिणींच्या आयुष्याचा. त्यांच्या चौंडक्याचा आवाज प्रायोगिक रंगभूमीवर आला तो तोंडी लावायला म्हणून नव्हे. नाटकाचा कणाच तो. पुढे त्याच दिग्दर्शकाने भासाच्या 'मध्यमव्यायोगा'वरून 'प्रिया बावरी' केलं. ज्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ते शिकले त्याचेच 2013 मध्ये संचालक झाले, 2019 मध्ये पद्मश्री. भास आणि भारूड ही एकाच माणसाची दोन अंगं असू शकतात. दिल्लीला जाण्यासाठी दरडवाडी पुसावी लागत नाही. पुण्यात बोली लपवणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं.

अंबाजोगाईने आपल्या परीने हे सांभाळलंही आहे. 1983 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. कथाकार म्हणून थोर आणि 'पती गेले गं काठेवाडी'सारखं लोकनाट्याच्या वळणाचं नाटक लिहिणारे. नोव्हेंबरातल्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय गायन आणि शेतकरी परिषद एकाच मांडवात होतात. पुण्या-मुंबईत असा मांडव मी पाहिलेला नाही.

तरी केंद्र्यांना सन्मान मिळाला म्हणून पारावर भारूड करणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. सरकारने तर कलावंतांची उंची कागदावरच मोजली होती. वृद्ध साहित्यिक-कलावंत मानधनात अ, ब, क असे वर्ग होते: राष्ट्रीय पातळीवरच्याला महिना 3150 रुपये, राज्य पातळीवरच्याला 2700, स्थानिकाला 2250. गावचा भारूडकार अर्थातच क. 2024 मध्ये ही उतरंड मोडली, सर्वांना सरसकट 5000 रुपये झाले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं. निर्णय चांगला आहे. अडचण अर्जात आहे. कलेच्या क्षेत्रात अनेक वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात: प्रमाणपत्रं, कात्रणं, कार्यक्रमपत्रिका. वर्षानुवर्षं सप्त्यात लुगडं नेसून उभा राहिलेला माणूस हे कुठून आणणार? सप्त्याच्या पत्रिकेत कीर्तनकारांची नावं 'ह.भ.प.' लावून, फोटोसकट छापतात आणि बहुतेक ठिकाणी खाली नुसतं 'रात्री भारूड' एवढंच असतं. ही पत्रिका गावच काढतं. त्यात भारूडकाराचं पूर्ण नाव, मृदंग्याचं नाव आणि साल छापायला कुणाची मंजुरी लागत नाही. युसूफ वडगावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या सप्ता समित्यांनी यंदापासून एवढं केलं, तर पुढच्या अर्जाला जोडायला कागद तयार होईल, आणि गावाच्या कलेचा इतिहास लिहिणाऱ्यालाही नावं सापडतील.