वाण्याची यादी आणि कर

आपला ऊस गाडीत भरून काट्यावर येतो तेव्हा त्यावर जीएसटी नसतो. त्याच उसाची साखर झाली की ५ टक्के. आणि गूळ झाला तर? तर मग विचारावे लागते, सुटा की पाकिटातला? ढेप फोडून वाण्याने तराजूत टाकलेल्या गुळावर काही नाही. तोच गूळ किलोच्या पाकिटात भरून वर नाव आणि वजन छापले, की ५ टक्के. गोडी काही वाढलेली नसते, वाढलेले असते ते पाकीट.

काकवीची तर वेगळीच तऱ्हा. पातळ गुळावर, म्हणजे कायद्याच्या भाषेत ज्याला राब म्हणतात त्यावर, फेब्रुवारी २०२३ पर्यंत १८ टक्के कर होता. घट्ट गूळ शून्य आणि पातळ गूळ १८! जीएसटी परिषदेने त्या महिन्यात तो बदलला आणि काकवीलाही गुळाचाच नियम आला : सुटी असेल तर शून्य, छापील डब्यात असेल तर ५.

असली भानगड आजची नाही. विक्रीकराच्या जमान्यातही साखरेचा न्याय वेगळाच होता. साखर, तंबाखू आणि गिरणीचे कापड यांवर राज्यांनी विक्रीकर लावायचा नाही, त्याऐवजी केंद्राने जादा अबकारी कर गोळा करून राज्यांना वाटून द्यायचा, अशी व्यवस्था १९५७ साली झाली. त्यामुळे दुकानात साखरेवर कर दिसत नसे. तो कारखान्याच्या दारातच वसूल झालेला असे. न दिसणारा कर म्हणजे नसलेला कर नव्हे, हे आपल्या धंद्याने फार पूर्वीच पाहिले आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा साखरेवरचा अबकारी कर गेला आणि क्विंटलमागे १२४ रुपये असणारा साखर उपकरही गेला. दोन्हींच्या जागी ५ टक्के आले.

आता धान्याकडे बघू, कारण घरखर्चात खरा भार तिथे आहे. सुरुवातीला गहू, तांदूळ, डाळ, पीठ यांवर नोंदणीकृत ब्रँड असेल तरच कर होता. १८ जुलै २०२२ पासून नियम फिरला. ब्रँड असो वा नसो, २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पिशवीवर ५ टक्के. पिशवी २५ किलोच्या वर गेली की शून्य. सुटे मोजून घेतले तरी शून्य.

याचा अर्थ काय होतो बघा. बागायतदाराच्या घरी वर्षाचे धान्य पोत्याने येते, तिथे कर लागत नाही. हंगामात आपल्या फडात उतरलेल्या ऊसतोड टोळीतला माणूस मात्र आठवड्याची उचल मिळाली की पाच किलो पीठ नेतो. वाणी सुटे देत असेल तर तोही सुटला. पण हल्ली कित्येक दुकानांत सुटे पीठ ठेवतच नाहीत, बंद पिशवीच पुढे करतात. कर सोडून २०० रुपयांची पिशवी धरली, तर १० रुपये कराचे. एकदाच जास्त माल घ्यायची ऐपत नाही म्हणून हा कर बसतो, हे आम्हाला तरी पटत नाही. टोळीने मिळून ३० किलोचे पोते घेतले आणि वाटून घेतले तर हा कर वाचतो. मुकादमांनी एवढी गोष्ट टोळीला जरूर सांगावी.

बरे, पिशवी म्हणजे कर, असा तरी सरळ नियम आहे का? तोही नाही. पिशवीतले दूध शून्य. पिशवीतले मीठ शून्य. पण त्याच दुधाचे दही लावून छापील पिशवीत भरले की ५ टक्के. पाकिटातल्या पनीरवरही ५ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला. त्याच दिवशी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून उठले. अंगाचा साबण, खोबरेल धरून डोक्याचे तेल, दंतमंजन, बिस्किटे असा बराच माल ५ टक्क्यांत आला. तूप-लोणीही १२ वरून ५ वर आले. कपडे धुण्याची डिटर्जंट पावडर मात्र १८ वरच राहिली. अंग धुवायला ५ आणि शेतात मळलेले कपडे धुवायला १८, यातली संगती आम्हाला लागलेली नाही.

दुकानात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. तिच्यावर "जीएसटी वेगळा" असे कोणी म्हटले तर देऊ नये. आणि पावतीवर कर दाखवला असेल तर दुकानदाराचा जीएसटी नंबर त्या पावतीवर हवाच. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

राहता राहिला आपला ऊस. त्यावर शून्य कर, हे ऐकायला बरे वाटते. पण व्यापारी किंवा कारखाना खरेदीवर जो कर भरतो, त्याची वजावट त्याला विक्रीच्या करातून मिळते. उसावर करच नसल्याने शेतकऱ्याला वजावट कशातून मिळणार? रासायनिक खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के, ठिबकच्या संचावर पूर्वी १२ होता तो आता ५. आडसाली लागण असेल तर दीड वर्ष हा कर खताच्या पोत्यागणिक जात राहतो आणि उसाच्या बिलात तो कुठल्याच रकान्यात दिसत नाही.