वानुआतू : डुकराच्या सुळ्यांची श्रीमंती

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, पॅसिफिक महासागराच्या अथांग निळाईत सुमारे ८० बेटे विखुरलेली आहेत. हा वानुआतू देश. १९०६ पासून ब्रिटन व फ्रान्स यांनी त्यावर संयुक्तपणे राज्य केले; पोलीसही दोन प्रकारचे आणि तुरुंगही दोन! ३० जुलै १९८० रोजी देश स्वतंत्र झाला.

लोकसंख्या जेमतेम तीन लाख, भाषा मात्र शंभराहून अधिक. या साऱ्यांना जोडणारी बिस्लामा ही मळ्यांवरील मजुरांमध्ये रुजलेली भाषा. तिचे शब्द बहुतांशी इंग्रजी, ठेवण मात्र मेलानेशियन.

तान्ना बेटावरील यासूर ज्वालामुखी अखंड धगधगत असतो. १७७४ मध्ये कॅप्टन कुक त्याच्याच आभेने या किनाऱ्याकडे आकृष्ट झाला होता. पेंटेकॉस्ट बेटावर एप्रिल ते जून या काळात पुरुष घोट्यांना वेली बांधून लाकडी मनोऱ्यावरून खाली झेप घेतात. पावसाळ्यानंतर वेली रसदार व लवचीक असतात, म्हणूनच हा काळ. १९७४ मध्ये ब्रिटनच्या राणीसाठी अवेळी झेप घेण्यात आली, वेली तुटल्या आणि एकाने प्राण गमावले.

बँकेच्या ग्राहकांना अधिक कुतूहल वाटावे ते येथील संपत्तीचे. डुकराचे वरचे सुळे काढले, की खालचे अडथळ्याविना वाढत वर्तुळाकार वळतात. पूर्ण वेढा होण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे ही एक प्रकारची मुदत ठेवच! लग्नात, तंटा मिटविताना, मानाचे पद मिळविताना हे धन कामी येते. उत्तर पेंटेकॉस्टमध्ये तांगबुनिया नावाच्या बँकेत अशा सुळ्यांच्या व विणलेल्या चटयांच्या ठेवी स्वीकारल्या जात. राष्ट्रध्वजावरही असाच सुळा विराजमान आहे. व्यवहारातील अधिकृत चलन 'वातू', म्हणजे दगड.

या वैभवावर समुद्राचे सावट आहे. मार्च २०१५ मधील 'पाम' चक्रीवादळाने देश उद्ध्वस्त केला. २०१९ मध्ये पोर्ट व्हिला येथील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हवामान बदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्याचा ध्यास घेतला आणि सरकारने त्यांना साथ दिली. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत सल्लागारी स्वरूपाचे आहे. त्याची अंमलबजावणी मोठ्या राष्ट्रांच्याच हाती आहे.